प्लस बॉडीला

नाही हो, लावा की हात, बिनधास्त लावा — मनाई मला होती, तुम्हाला नाही. ‘घरातल्या बाईनं त्या गाडीला हात लावायचा नाही आणि का ते विचारायचं नाही’ — मी एवढीशी होते तेव्हापासून ऐकतेय हा नियम. आणि गाडी होती कोणाची? आत्याची! म्हणजे मालकिणीनंच हात लावायचा नाही. मी एकदा विचारलं, का म्हणून, तर मोठे काका म्हणाले, तोंड फार चालतं तुझं. झालं उत्तर. या, इकडून या, तिथे ग्रीस सांडलंय, पँट खराब होईल. बाबा आणि काका येतील एवढ्यात विक्रीचे कागद घेऊन, तुम्ही लवकर आलात. बरं झालं. तोवर बसा ना — स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो. गाडीतच बसा.

बाहेरून हँडल शोधू नका, नाहीच आहे. आत हात घालून ती दोरी ओढा — हां! पाय आधी सरळ आत, मग बाकीचे तुम्ही. टबात बसल्यासारखं वाटतं ना? सगळ्यांना तसंच वाटतं. म्हणजे वाटत असेल, मला काय माहीत, तुमच्याआधी इतक्या वर्षांत त्या सीटवर कोणी बसलंच नाहीये. मैत्रिणींना बोलावलं होतं, पण नोकऱ्या लागल्यात, गावं बदललीत, ‘फोटो पाठव’ म्हणतात. पाठवते. आठ महिने झाले, हिला एकटीच दुरुस्त करतेय. पहिल्या दिवशी फ्लोअरवर पाय ठेवला तर चप्पल खाली जमिनीवर, एवढा गंज. चाकांच्या तारा मोजल्यात मी, एका चाकाला अठ्ठेचाळीस, एकेक घासली. आणि हे दोन कार्बोरेटर बघा — दोघांची हवा सारखी ओढली गेली पाहिजे, नाहीतर इंजिन लंगडतं. मशीन बिशीन काही नाही, रबरी नळीचं एक टोक कानाला, एक इथे, आणि ऐकायचं. ह्याचा सुस्कारा, मग त्याचा सुस्कारा, मग परत ह्याचा. जमलं तरी मी ऐकतच बसते. एखाद्या दिवशी माझ्याशी तेवढंच कोणीतरी बोललेलं असतं — हसा, हसा, मलाही हसू येतं.

तुम्हाला फोन बाबांनी केला, मी नाही, हे सांगितलंय का त्यांनी? नाही ना. वाटलंच. गाडी माझ्या नावावर आहे. आत्यानं मृत्युपत्रात तसं लिहून ठेवलं, भावांना न विचारता — आयुष्यात तेवढंच एक काम तिनं त्यांना न विचारता केलं असेल. म्हणजे, एक आणखी करणार होती. तिला नोकरी लागली होती, दुसऱ्या शहरात, नकाशे काढायची. ही गाडी तिनं स्वतः घेतलेली, जुनीच, पण इंग्लंडची, दोन सीटांची, आणि सकाळी मागे बॅग टाकून ती ह्याच गाडीतून निघाली. रस्ता मोकळा लागला, वेग धरला, आणि डॅशबोर्डखालून धूर. वायरी पेटल्या. तिच्या डाव्या हाताला इथून इथपर्यंत भाजलं होतं. गाडी ढकलत आणली, काकांनी कुलूप घातलं, किल्ली खिशात — आणि तो नियम त्या दिवसापासूनचा. वर काय ऐकवलं असेल? ‘एक गाडी सांभाळता येत नाही, परक्या गावात स्वतःला काय सांभाळणार?’ ती गेली नाही. ह्या गॅरेजच्या वरची खोली तिची. तीस वर्षं. बरोबर ह्याच्या वर.

मी? मी जायचे ना वर. कॉलेजच्या ड्रॉइंगच्या शीट तिच्याकडून काढून घ्यायला जायचे. सुरेख हात होता. शीट गुंडाळून द्यायची आणि म्हणायची, बैस की जरा. मी म्हणायचे, आत्या, घाई आहे गं. कसली घाई होती कोण जाणे. शेवटच्या वर्षी शीट नव्हत्या, तर… जाऊ द्या. चौदा पायऱ्या आहेत फक्त. तुम्ही उठू नका हो, बसा, मी आपली बोलते.

खरी गोष्ट पुढेच आहे. बॅटरी सीटच्या मागे असते, हे झाकण उचला. दिसलं? झाकणाच्या आतल्या बाजूला लाल नेलपॉलिशनं लिहिलंय — ‘प्लस बॉडीला’. तिचं अक्षर. आपल्या सगळ्या गाड्यांत मायनस बॉडीला लावतात, ह्या जुन्या इंग्रजी गाड्यांत उलटं. उलटं म्हणजे ह्यांचं तेच सुलटं. आता, मी झाकण काढलं तेव्हा जुनी बॅटरी आत तशीच होती, आणि बॉडीला जोडलेली पट्टी होती मायनसवर! मायनसचा खुंट बारीक, पट्टीची कडी मोठी, सैल बसणार — म्हणून मध्ये पत्र्याचा तुकडा कोंबलेला. दुसरी कडी हातोडीनं फाकवून प्लसवर ठोकलेली. जिनं नेलपॉलिशनं लिहून ठेवलं ती असं करेल? सेल्फ मारला की इंजिन चालू होतं, हळू चालवलं तर कळतसुद्धा नाही. वेग धरला, बॅटरी चार्ज करणारा डायनामो जोरात फिरला, की तो उलटा करंट ढकलतो आणि वायरी जळतात.

हा तो पत्रा. वाचा काय छापलंय. खोकल्याच्या गोळ्यांचा डबा. आमच्या घरात त्या गोळ्या एकच माणूस खातो, आणि तो आत्ता जिना उतरतोय. आईला ह्या बॅटरीचं विचारलं तर ती लाजली हो! म्हणाली, लग्नाआधी तुझे बाबा मला गाडीतून फिरवून आणत होते, आत्याला न सांगता, आणि परत येताना अगदी कोपऱ्यावर गाडी बंद पडली, तर त्यांनी दुकानातून नवी बॅटरी आणून स्वतः बसवली, काय रुबाब होता. कधी गं, म्हटलं. ‘आत्याची गाडी पेटली ना, त्याच्या आदल्या दिवशी.’ तिला काही कळलंच नाही ती काय बोलली ते.

या बाबा. या काका. हो, पाहुण्यांना गाडी दाखवली, सगळी दाखवली. पेन आहे माझ्याकडे, पेन नकोय. बाबा, हा पत्रा ओळखता? चुकीबद्दल नाही विचारत, चूक कोणाच्याही हातून होते, तुम्ही झाकणावरचं वाचलं नाहीत, ठीक. मी विचारते आहे ते नंतरचं. तिच्या हाताला पट्टी बांधत होतात तेव्हा माहीत होतं का? — काका, तुम्ही मध्ये पडू नका. मोठ्यांशी असंच बोलायचं असतं, विचारायचं असतं. किल्ली तुम्ही ठेवलीत. कोणी झाकण उघडू नये म्हणूनच ना? तिनं एकदा उघडलं असतं तरी एका मिनिटात कळलं असतं तिला. ती तीस वर्षं स्वतःलाच दोष देत वर बसली, आणि आपण सगळे खाली जेवत होतो. मीसुद्धा.

नाही. सही नाही करणार मी. आज नाही, उद्या नाही, तुम्ही रागावलात तरी नाही, रडलात तरी नाही. गाडी विकायची नाही.





बाबा, माझ्याकडे बघा तरी.

साहेब, तुम्ही निघा आता. दोरी डाव्या हाताला आहे. नाही, ह्यांच्यासाठी थांबू नका — आणि मागचं ते झाकण उघडंच राहू द्या.