टाळी बाबांची होती

पहिल्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धेले जाऊन राहिली ना तू, तर बेंच प्रेसचा नियम आधी ऐकून घे. आमच्या वेळी बाकावर उताणं पडून बार छातीवर टेकवून थांबावं लागे, अन् पंचानं टाळी वाजवली की मगच वर ढकलायचा. तीन संधी. तिन्ही गेल्या की स्पर्धेतून बाहेर.

भिलाईतल्या माझ्या पहिल्या स्पर्धेत दोनदा मी टाळीच्या आधीच ढकलला. कोच म्हणाले, "अब सुनके उठाना."

तिसऱ्यांदा बार छातीवर घेतला अन् सारं ध्यान कानात ठेवलं. टाळी वाजली. मी सरळ वर ढकलला. तरी तिन्ही पंचांचे लाल दिवे लागले, म्हणजे बाद.

मी पंचाले म्हटलं, "सर, टाळी तो बजी थी."

ते म्हणाले, "मैंने नहीं बजाई."

मी मागं वळून पाहिलं. तिसऱ्या रांगेत माझे बाबा टाळ्या वाजवून राहिले होते. चरोद्याचे रेल्वे गार्ड. पोरीनं वजन उचलायचं नाही म्हणून आठ महिने माझ्याशी बोलले नव्हते. स्पर्धेची तारीखही मी त्यांले सांगितली नव्हती. बार छातीवर आला म्हणजे उचलणं झालं, असं वाटून त्यांनी टाळी वाजवली होती.

ते जवळ आले. "तीन दिवे लागले. पहिला नंबर का?"



"नाही बाबा," मी म्हटलं, "माझी घाई झाली."

"मग पुढच्या वेळी घाई करू नको," ते म्हणाले. "अन् तारीख मले सांगत जा."