तीन पडद्यांवरचा बघण्याचा कार्यक्रम

...नाही, पण मला सांगा, देवाने माणसाला डोळे दोन दिले, मग समोर पडदे तीन ठेवले तर त्याने बघायचं कुठे? आमची स्फूर्ती घरूनच नोकरी करते, टेबलावर ओळीने तीन मॉनिटर, अख्ख्या म्हैसूरच्या दसऱ्याचा झगमगाट आमच्याच खोलीत! त्यात परवा तिला बघायला शिवमोग्ग्याचे पाहुणे आले... आले कसले, कॉम्प्युटरवरच! तरी आमच्या कामाक्षीने केसरीबात, म्हणजे केशरी शिरा, केला. म्हटलं, खाणार कोण? "अहो, दिसायला तरी नको का?"

बसलो तिघं. कॅमेरा डावीकडच्या पडद्यावर, पाहुणे मधल्या! मी पाहुण्यांकडे बघून हात जोडले, तर मुलाचे वडील, शेषाद्री, म्हणतात, "नंजुंडय्या, तिकडे कोणी आहे का?" वळून कॅमेऱ्याला नमस्कार केला, तर पाहुणेच दिसेनात! अहो, बघायचं कुठे?

आणि पोरगी? तिचं लक्ष उजवीकडच्या पडद्यावर! शेषाद्री काहीही विचारोत, ही तिकडे बघून गालातल्या गालात हसतेय. पलीकडे मुलगा सुमंतही तसाच, मान वाकडी, ओठ दाबलेले! कामाक्षी माझ्या कानात, "अहो, याची मान कायमचीच अशी असली तर?" तिकडे शेषाद्रीबाईही नवऱ्याच्या कानात... तुम्हाला सांगतो, गेलं स्थळ! म्हटलं, पोरीचे फोटो दाखवून वेळ मारून न्यावी. माउसला हात घातला, तर बाण गायब! तीन पडद्यांत एवढासा बाण... बघायचं कुठे? फिरव, दाब, फिरव, दाब... आणि उजवीकडचा पडदा धाडकन् पाहुण्यांसकट सगळ्यांपुढे! त्यावर सुमंतने लिहिलेलं, "तुझे अप्पा भिंतीला नमस्कार का करतायत?" त्याखाली आमचं रत्न, "तुझ्या अप्पांच्या तर नुसत्या नाकपुड्या दिसतायत!"

शेषाद्रींचा हात हळूच नाकाकडे गेला. खुर्ची मागे सरकली. आणि असे खो खो हसले, असे हसले, की चष्मा पडला! "अहो नंजुंडय्या, यांचं केव्हाच जमलंय! आपण उगाच माना मोडून घेतोय!"

काल मुहूर्त काढायला गुरुजी आले. म्हणतात, अंतरपाटाला चांगलं जाड कापड घ्या, वधूवरांना पलीकडचं दिसता कामा नये. मी हातच जोडले. म्हटलं, "गुरुजी, एवढे पडदे मध्ये असून यांनी जमवलं... तुमच्या एका फडक्याला विचारतंय कोण!"