गजूची उडी

हसा लेकहो, पण त्या साली आमच्या बोरी अरबच्या टीमनं लीगची एकही मॅच हारली नव्हती. कापसाचे भाव असे पडले होते का जिनिंगच्या आवारात कापसाची गंजी महिनोन् महिने पडूनच. आमची प्रॅक्टिस तिथंच. गंजीसमोर दोन दगड ठेवले का झाला गोल. आमचा गोलकीपर गजू बॉलवर असा झेपावे का थेट कापसात घुसे.

लीगमध्ये आमच्या बॅकवाल्यांनी बॉल त्याच्यापर्यंत येऊच देला नाही. कपची फायनल मात्र लोहाऱ्याच्या मुरमाड ग्राउंडवर. आमी एका गोलनं पुढं, आन् शेवटच्या मिनिटाले समोरच्यायले पेनल्टी भेटली.

मी कॅप्टन. गजूच्या कानात म्हटलं, "गंजीत मारतं तशीच उडी मार."

त्यानं तशीच मारली. बॉल अडवला, कप आपला! आमी नाचत गेलो त गड्याचे दोन्ही कोपरं सोलून निघालेले, आन् तो ढसाढसा रडून राह्यला.

"जितलो ना बे, रडतं काहून?"

"भाऊ, खाली कापूस कुठी होता?"

कापूस पडून आहे म्हणून त्या साली सारा जिल्हा रडत होता. कापूस नाही म्हणून रडला तो आमचा गजू एकटाच.