पत्रिकेत राहिलेला मामा

(राजूर. भुजंगच्या घराची ओसरी. सकाळ. थोरली बहीण द्वारकाबाई आणि तिची लग्न ठरलेली मुलगी प्रियदर्शनी हसनाबादहून आल्यात.)

भुजंग : चहा पी, जेवून जा अक्का, पण लग्नाला ये म्हणू नको. सख्खा मामा मी. नवरीच्या मागं उभा राहणारा. आन पत्रिकेत चुलत्याचं नाव, आत्याच्या नवऱ्याचं नाव. माझं न्हाई.

द्वारकाबाई : मी लिहून दिल्तं बाबा. सगळ्यात वर लिहिलं होतं.

भुजंग : मंग कल्याण प्रेसवाल्यानं खाल्लं का? तो तर आपल्याच गल्लीतला. परवा फोनवर चांगला सोलून काढला त्याला. म्हणलं, सोयऱ्यात माझं नाक कापलं तू.

प्रियदर्शनी : काय म्हणाला कल्याणदादा?

भुजंग : काय म्हणतोय? सगळं ऐकून घेतलं. चुकलं माझं म्हणला. मागं कोणी बाई नंबर पुकारून राह्यली होती. म्हणलं, दुकान बंद करून बाजार हिंडून राह्यला का रे?

प्रियदर्शनी : तो दवाखान्यात होता मामा. संभाजीनगरला.

भुजंग : कोण आजारी आहे?

द्वारकाबाई : त्याची जान्हवी. रक्ताचा कॅन्सर निघाला लेकराला.

भुजंग : जान्हवी? ती तर रोज शाळेत जाताना माझ्या बुलेटवर चक्कर मारती. बुलेटमामा म्हणती मला.

द्वारकाबाई : तीच. कधीपासून दिसली न्हाई तुला?

भुजंग : झाले की पंधरा-वीस रोज. मला वाटलं, मामाच्या गावाला गेली.

प्रियदर्शनी : आपल्या पत्रिकेचा मजकूर लावतानाच त्याला रिपोर्टचा फोन आला. तसाच उठून गेला. मग दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून मोबाइलवर पुरी केली आणि दुसऱ्या प्रेसला छापायला पाठवली. आपलं लग्न अडायला नको म्हणून. त्यात तुमची ओळ राहिली.

भुजंग : आन मी त्याला माझ्या नाकाचं सांगत बसलो. थू माझ्या जिंदगीवर. अक्का, मला कोणी सांगितलं काहून न्हाई?

द्वारकाबाई : तू कोणाला बोलू देतो का? बारा दिस झाले गाल फुगवून बसला. माझा फोनसुद्धा उचलत न्हाई. मलाबी कालच कळलं, म्हणून पहिल्या गाडीनं आले. पत्रिकेसाठी आले न्हाई मी.

प्रियदर्शनी : मी डॉक्टरांशी बोलले मामा. औषध लागू पडतंय, पण त्या औषधानं प्लेटलेट कमी होतात. त्या माणसाच्याच रक्तातून मिळतात. बी पॉझिटिव्ह. कल्याणदादाकडचे जुळणारे चौघं देऊन झाले. आता कोणी नाही.

भुजंग : कोणी न्हाई म्हंजे? अख्खं राजूर काय मेलं का? दे तो फोन.

(भुजंग अंगणात येरझाऱ्या घालत एकामागून एक फोन लावतो. अर्ध्या तासानं परत येतो.)

भुजंग : झालं. तातेराव येतो म्हणला, त्याचे दोघं भाऊ बी. वडीगोद्रीच्या साडूला सांगितलं. पुजारीबुवा देवळाच्या भोंग्यावर बी पॉझिटिव्हवाले या म्हणून पुकारून राह्यले. दोन क्रूझर गाड्या बोलावल्या. चाळीस माणूस, बाराच्या आत दवाखान्यापुढं.

प्रियदर्शनी : चाळीस एकदम नकोत मामा. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. एक दिवसाआड एक माणूस पाहिजे, दोन-तीन महिने. आधी रक्त तपासतात, मग तास-दीड तास मशीनला बसायचं.

भुजंग : असं काय? मंग हे टँकरसारखं झालं. दुष्काळात मी गल्लीवार नंबर लावले होते, एकाची घागर रिकामी गेली न्हाई. काढ वही. ओढ तारखा. क्रूझर राहू दे, बुलेटवर एकेक जण नेऊन घालतो मी.

द्वारकाबाई : आता कसा माझा भाऊ दिसून राह्यला.

भुजंग : केशरबाईचा निरोप आहे, बायांचं चालतं का?

प्रियदर्शनी : तपासणीत बसलं तर चालतं. वजन पन्नासच्या वर पाहिजे.

भुजंग : तिचं क्विंटल भरंल. लिही. रामप्रसाद लिही. त्याला तंबाखू खाऊन जाऊ नको म्हणावं, तिथं थुंकायला जागा न्हाई. अवधूत गुरुजी म्हणले, सुट्टीच्या दिवशी लावा. रविवारी टाक.

प्रियदर्शनी : हळू सांगा मामा, हात दुखला माझा.

भुजंग : दुखू दे. अक्का, भोंगा ऐकून माळी गल्लीतले पोरं दारात उभे राह्यले बघ. माझं काळीज भरून आलं गं. मला वाटायचं, ह्या गावात कोणाला कोणाचं पडलं न्हाई.

प्रियदर्शनी : अठ्ठावीस झाले. दोन महिने निघतात. फक्त वीस तारीख रिकामी राहिली.

द्वारकाबाई : राहणारच. त्या दिवशी लग्न आहे, सगळे मंडपात.

भुजंग : माझं लिही. बी पॉझिटिव्हच आहे मी, लायसनवर छापलंय.

द्वारकाबाई : म्हंजे राग गेला न्हाई अजून. लग्न चुकवतो ना?

भुजंग : राग कशाचा आता अक्का? लाज वाटून राह्यली. लग्न गोरज आहे. मी पहाटं निघतो, दुपारी चारला मंडपात हजर. पोरीच्या मागं उभा राहीन, फक्त हाताला चिकटपट्टी असंल. फोटोत आली तर येऊ दे.

प्रियदर्शनी : येऊ दे मामा. थांबा, कल्याणदादाचाच फोन आहे. भोंग्याचं कळलं त्याला. रडतोय. म्हणतो, नव्या पत्रिका आजच छापायला टाकतो, मामांचं नाव सगळ्यात वर.

भुजंग : दे इकडं. हॅलो, कल्याण. परवाचं माझं चुकलं रे बाबा. तू पत्रिकेचं सोड, नाव न्हाई छापलं तर मामा बदलत न्हाई. पोरीला सांग, वीस तारखेला बुलेटमामा येऊन राह्यला. आन लग्नातला लाडू तिला चालतो का, तेवढं डॉक्टरला विचारून ठेव.