मोगरीचा वाटा

महिपत : बार एकच झाला, आनि मागून हाळी न्हाय. तवाच मी हौसेला बोललो, गुरुप्रसादनं डुक्कर पाडलान न्हाय, नुसता दुखवलान.

नम्रता : घरात बसून ओळखलंत, आबा?

महिपत : घरात न्हाय, हितंच पडवीत. मॅडम, आमच्या वाडीत जनावर पडला की पाडनारा तीन येळा हाळी देतो. माज्या आज्याच्या आदीपासून. काल सांच्याला बार झाला नि मग सगळा चिडीचूप. मानूस लाजला की हाळी फुटत न्हाय.

हौसा : बस गो बाय, उभी का? वनखात्याचा मानूस दारात उभा ऱ्हायला की मला पंचनाम्याची आठवन येते.

नम्रता : बसले असते आजी, पण वेळ नाही. बांधावर रक्त सापडलंय. भाताच्या खाचरातून ते डुक्कर वर सड्याकडे, कातळाच्या माळावर गेलंय, आणि तिथे माग तुटतोय. गुरुप्रसाद आणि मी सकाळपासून तिथेच घिरट्या घालतोय. पीक नासवणारं डुक्कर मारायचा त्याचा परवाना आज सूर्य मावळेपर्यंतच आहे.

महिपत : मावळू दे. दुसरा काडा. कागदाला काय तोटा हाय तुमच्याकडं!

नम्रता : कागद मिळेल हो. पण उद्यापासून वाडीतल्या बायका सड्यावर गवत कापायला जाणार, आणि जखमी डुक्कर तिथल्याच एखाद्या करवंदीच्या जाळीत बसलंय.

हौसा : मी पन जानार हाय. सगळ्यात म्होरं मीच असते.

महिपत : तू उद्या जाव नको.

हौसा : मग गवत कोन कापील? तुमी? विळा धरून किती वर्सं झाली ती सांगा पैली.

महिपत : बरं मॅडम, ह्यात माज्याकडं काय काम काडलात?

नम्रता : मोगरीला न्यायला आलेय. तुमच्यासकट.

महिपत : हौसे, आयकलास? गेल्या साली ह्याच पडवीत उभं ऱ्हावून ह्याच मॅडमनी कागद वाचलानी, शिकारीला कुत्री न्यायची न्हाईत. पाच कुत्री हुती माजी. चार देऊन टाकली. एक मिरजोळ्याला कारखान्याच्या फाटकावर बसलाय, बाकीची कलमांच्या बागंत राखनीला. मोगरी तेवडी ऱ्हायली, ती पन उद्या जाते. सावर्ड्याचा एक कोंबडीवाला टेम्पो घेऊन येतो.

नम्रता : उद्या? मला माहीत नव्हतं.

हौसा : तुला कसा म्हायत असनार? मलापन परवाच सांगितलानी. काम न्हाय त कुत्री कशाला पोसायची, असा बोलतात. नि सकाळपासून सांजपर्यंत बोलत बसतात त्या कुत्रीशीच. माज्या वाट्याला नुसती जेवन वाडायची ऑर्डर.

महिपत : ती उलटून बोलत न्हाय म्हनून.

नम्रता : आबा, तो नियम उगाच नव्हता आला. पारधीला सोडलेल्या कुत्र्यांनी गाभण भेकर फाडलं होतं. मेलेलं मी स्वतः पाहिलंय ते.

महिपत : उंडग्या कुत्र्यांनी फाडलानी. माज्या न्हाय.

नम्रता : असेल. पण आता गेल्या आठवड्यात नवं पत्र आलंय. वाचून दाखवू?

महिपत : वाचा. आवाज बरा हाय तुमचा.

नम्रता : "जखमी वन्यप्राण्याचा माग काढण्यासाठी, वन कर्मचाऱ्यासमक्ष, दोरीने धरलेले एक कुत्रे नेता येईल. कुत्रे पाठलागासाठी सोडता येणार नाही." मी साहेबांना फोनवर विचारून घेतलं. ते म्हणाले, असं कुत्रं आहे का कुणाकडे? मी म्हटलं, माझ्या पूर्ण बीटात, सगळ्या वाड्या धरून, एकच आहे.

महिपत : दोरीनं धरलेला?

नम्रता : हो.

महिपत : मग विषय संपला. मोगरीच्या गळ्यात आजवर दोरी पडलेली न्हाय. दोरीतला कुत्रा मालकाच्या पायाकडं बगतो, जनावराकडं न्हाय. असली पारध मी केली न्हाय नि करनार पन न्हाय.

हौसा : अवो, उद्या साखळीत बांधायला देताव तिला. सावर्ड्याला काय गादीवर बसवनार हायत? नि आज चार वाव दोरी जड झाली तुमाला?

नम्रता : साखळीत?

हौसा : मग! कोंबड्यांच्या शेडाला बांधनार. भुंकायला. आमची मोगरी भुंकत तरी हाय काय? जनावर सापडल्याबिगर तोंड उघडत न्हाय ती. हे सगळा ह्यांना म्हायत हाय, नि तरी तोंड वर करून पारधीच्या गोष्टी सांगतायत. बोला की आता.

महिपत : हौसे.

हौसा : काय?

महिपत : रहाटाची जुनी दोरी आन. नवी नको, काचते.

(दुपार. वर सड्यावर, करवंदीच्या जाळ्यांच्या कडेला.)

नम्रता : रक्ताचा शेवटचा थेंब हा इथे. पुढे नुसता कातळ.

महिपत : तुमाला नुसता, तिला न्हाय. तिच्या शेपटीकडं बगा. खाली हाय तवर शोधतेय. ताठ झाली की समजा, गावला. मोगरे, हं, बग बाय. दमानं.

नम्रता : गुरुप्रसादला बोलावू?

महिपत : न्हाय, मागंच ऱ्हाव दे त्याला, पन्नास पावलं. मुंबईत वीस वर्सं लिफ्ट चालवलान, तवापासून नेम वर-खाली होतो त्याचा. लागंल तवा हात करू.

नम्रता : ती डावीकडे वळतेय. रक्त तर उजवीकडे उतरत होतं.

महिपत : तर मग डावीकडं जायाचा. मॅडम, आता तुमचा कागद खिशात ठेवा नि तिच्या मागनं चला. दगडावर पाय नका टाकू, गवतातनं या. आवाज होतो.

नम्रता : दोरी ओढत नाहीये ती. मला वाटलं होतं, फरफटत नेईल तुम्हाला.

महिपत : मला पन तसाच वाटला हुता. साडेसहा वर्सांची झाली, नि आज कळला की हिला दोरीत पन चालता येता. मानूस म्हातारा झाला तरी काय काय शिकायचा ऱ्हाता बगा.

नम्रता : आबा! भेकर! त्या झुडपातून उठलं, धरा तिला! आबा, धरा!

महिपत : गप. ओरडू नका. कुटं काय करतेय ती?

नम्रता : दोरी... तुमची दोरी तर जमिनीवर लोळतेय.

महिपत : तुमच्या ओरडन्यानं सुटली हातातनं. उचलतो. पन बगितलात न्हवं? तीन हातांवरनं भेकर गेला, नि तिनं मान पन फिरवली न्हाय.

नम्रता : मी तर तुमच्यावर गुन्हा दाखल केला मनात.

महिपत : मनातला रद्द करा.

नम्रता : केला. पण खरंच, एकदाही पाहिलं नाही तिनं तिकडे.

महिपत : रक्ताच्या वासावर असली की तिला दुसरा जनावर दिसत न्हाय. समदीच कुत्री तशी नसतात पन. मॅडम, मगाशी मी खोटा बोललो.

नम्रता : कशाबद्दल?

महिपत : ती गाभन भेकरी उंडग्यांनी न्हाय फाडलानी. काळ्यानं, माज्या. मी तीन हाका मारल्या, तो फिरला न्हाय. मी पोचलो तवर झाला हुता सगळा. पोटातला पिल्लू पन बगितलाय मी. दोन दिस जेवान गेला न्हाय.

नम्रता : वाटलंच होतं मला. पण कुणाच्या कुत्र्यानं ते डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही.

महिपत : म्हनून तुमी कागद वाचलात तवा मी हू की चू केला न्हाय. वाडीतली पोरं बोलली, आबा, मोर्चा काडू. मी बोललो, कुत्री देतो. कुनाला कळला न्हाय का ते. हौसेला पन न्हाय.

नम्रता : एकट्यानेच शिक्षा करून घेतलीत. काळ्याची चूक, आणि मोगरीला साखळी?

महिपत : ते आज कळतंय. थांबा. थांबा. शेपूट बगा.

नम्रता : ताठ.

महिपत : पुढचा पाय बगा, उचललाय. त्या मोठ्या जाळीत हाय, आंब्याच्या खोडाला टेकून बसलाय असनार. वारा खालनं येतो, त्याला आपला वास न्हाय अजून. हात करा गुरुप्रसादला, वरच्या अंगानं येऊ दे. आनि सांगा, काल घाई केलीस, आज श्वास सोड नि मग चाप दाब. मोगरे, बस. माज्या पायाशी बस.

नम्रता : सांगितलं. जागा घेतली त्याने. बंदूक उचललीय.

महिपत : माज्या मागं या, बाय. तो जखमी हाय, ह्या बाजूनं पन सुटंल.

नम्रता : बार झाला!

महिपत : हालू नका.

नम्रता : पडलं का? मला काही दिसत नाहीये.

महिपत : बगायचा नसता. आयकायचा.

नम्रता : काहीच ऐकू येत नाही, आबा. आजही चुकला की काय?

महिपत : दम धर गो. जवळ जाऊन बगील, काठीनं हलवील, मग... हां. एक.

नम्रता : हाळी!

महिपत : दोन. आवाज बग कसा मोकळा सुटला लेकाचा. तीन. चल, उठ मोगरे. आता खुशाल जा म्होरं.

(थोड्या वेळाने, पडलेल्या डुकराजवळ.)

हौसा : अगो बाय, केवडा हा डुक्कर! हाळी आयकली नि फावडा घेऊनच निघाले. खड्डा पन खनायचा असनार तुमच्या कागदात?

नम्रता : हो आजी. सगळंच्या सगळं पुरायचं. काही न्यायचं नाही. माफ करा, पण त्यात सूट नाही.

महिपत : मागितली कोनी? पूर्वी ह्याचे तीस वाटे झाले असते, तो जमाना गेला. मला मांसाचा काय न्हाय, दात हायत किती माज्या तोंडात! पन वाटा पुकारायचा ऱ्हातो, त्याची चुटपुट लागते.

नम्रता : पुकारायचा म्हणजे?

महिपत : पैला वाटा गावदेवीचा. दुसरा कुत्र्याचा, बंदुकीच्या पन आदी. नाव घेऊन मोठ्यानं पुकारायचा, नि कुत्र्यानं खाल्ला की मग बाकीच्यांनी हात लावायचा. त्याबिगर पारध पुरी झाली असा म्हनत न्हाईत.

नम्रता : मग पुकारा की. त्याला कुठल्या नियमाची आडकाठी नाही.

महिपत : रिकाम्या हातानं? जनावराला काय फसवायचा, बाय?

नम्रता : माझा डबा आहे. सकाळपासून उघडलाच नाही. तांदळाची भाकरी आणि सोड्याचं कालवण.

हौसा : तिखट असनार. दे, मी कालवन निथळून देते. नि तू काय खाशील?

नम्रता : तुमच्याकडे जेवेन. चालेल?

हौसा : विचारतेस काय! मगाशी पानी पन न पिता गेलीस, ते मला अजून टोचतंय.

नम्रता : आबा, तोवर पंचनामा भरते. सोबत कोण कोण होतं ते लिहायचंय. गुरुप्रसाद, परवानाधारक. मी. तुम्ही. आणि दोरीने धरलेली एक कुत्री. नाव लिहू तिचं?

महिपत : लिव की. मोगरी.

नम्रता : पत्ता? पुढच्या वेळी लागली तर कुठे शोधायची?

हौसा : हां, त्यावरनं आठवलं. तो सावर्ड्याचा कवापासून फोन करतोय. सकाळी कितीला टेम्पो आनू, विचारतो. हा बगा, परत वाजला. काय सांगू त्याला?

महिपत : थांब जरा. भाकरी आन हिकडं. मॅडम, टोपी काडा. गावदेवीच्या नावानं हा पैला तुकडा, ह्या कातळावर. आनि हा दुसरा वाटा आयका रे समद्यांनी, मोगरीचाऽऽ! घे बाय. दमानं खा, कोन न्हाय तुला उठवीत.

हौसा : हालो? व्हय, मीच बोलतेय. न्हाय हो, टेम्पो नका आनू. न्हाय, तब्येत बरी हाय तिची. आपला वाटा खातेय.