दहावे नाव

सोमवार, ८ जुलै २०१९, दुपारी चार वाजून वीस मिनिटे. गेवराईच्या अभ्यासकेंद्रात ‘धर्मांचा तुलनात्मक अभ्यास’ हा एकच विषय घेणाऱ्यांच्या यादीत पारूबाईंसह नऊ नावे होती. पाचपर्यंत दहा झाली, तरच रविवारचा वर्ग भरणार होता. माझा दाखला घ्यायला आलेल्या माझ्यापुढे खिडकीपाशी पारूबाई आणि त्यांचे दीर शहादेव उभे होते.

“वैनी, टाकली सही. झाली दहा. चला.”

“भावजी, रविवारी बसणार ना वर्गात?”

“मी? रविवारी टँकर येतो. घागरी कोण भरील, तुमचे गुरुजी?”

“मग सही कावून केली?”

“नाव दाखवायला. दूध सोसायटीला न्हाई का आपण अकरा नावं दाखवली?”

“दूध किती जण घालत होते?”

“तिघं.”

“आन् आता सोसायटीला?”

“कुलूप हाय. पर तुमाला वर्ग पायजे ना? दोन वर्सं झाली, समद्या धर्मांचं शिकायचं म्हणताय.”

“लई पायजे. ओ साहेब, ते दहावं नाव खोडा.”

“येड लागलं का, वैनी?”

“अजून अर्धा तास हाय. येईल कुणीतरी.”

पाच वाजता यादीत नऊ नावे होती.