आधी शर्ट

दम्याच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारी एक आजी चार वर्षांच्या नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पलीकडच्या बाईंनी त्यांना विचारलं,

"हिला काय होतं हो?"

"मांजराची ॲलर्जी. मांजर जवळ आलं, की हिच्या छातीत शिट्टी वाजायला लागते."

"मग देऊन टाका ना ते कुणाला तरी."

"दिलंय की, आमच्या ह्यांना. ह्यांचं शिवणकाम वरच्या खोलीत चालतं. बोका आता तिथेच असतो. खाली यायचं तर हात धुऊन, कपडे बदलून यायचं. बोक्यानं नव्हे, ह्यांनी."

"आणि ही वर पळत नाही?"

"नाही. अंगणातून हाक मारते, तो खिडकीत येऊन बसतो. तेवढ्यावर भागवते बिचारी."

"एवढ्याशा पोरीला इतकं कळतं?"

"हिला कळतं, ह्यांना कळत नाही. परवा अंगभर केस घेऊन तसेच खाली आले आणि हिला उचलायला हात पुढे केले. एरवी आजोबांशिवाय हिचं पान हलत नाही. पण सरकली मागे. डोळ्यांत पाणी, तरी म्हणते कशी, 'आजोबा, आधी शर्ट.'"

"बाई गं. मग?"

"मग काय, गेले मुकाट्यानं वर. शर्ट बदलून आले, तर हेच डोळे पुसतायत. म्हणे, बोक्याच्या केसांनी चुरचुरतात."

"म्हणजे त्यांनाही ॲलर्जी?"

"छे हो. लहानपणापासून मांजर कुशीत घेऊन झोपणारा माणूस तो."